उन्हाला टेकून उभं असलेलं गाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या उपनगरांची पोस्टकार्डं मोठ्या संख्येनं छापली जायची. त्यातलं मोंत्रयचं एक कार्ड डोक्यातून जात नाही. पांढुरक्या भिंतीसमोर काही बायका उभ्या आहेत. भिंतीवर निष्पर्ण झाड पसरलंय, फांदी न् फांदी सपाट चिकटवल्यासारखी. बायकांच्या कमरेला टोपली आहे, टोपलीत कापडाच्या चिंध्या, आणि हातात हातोडी. बागेच्या चित्रात कुदळ असते, कात्री असते, झारी असते. हातोडी कशाला? झाडाला कोणी खिळे मारतं का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की ते भिंतीपाशी नेतं, भिंतीतून जमिनीखालच्या जिप्समच्या थरापाशी, आणि तिथून थेट सिनेमाच्या पहिल्या काचघरापर्यंत. या गावाचा इतिहास त्याच्या टाऊन हॉलपेक्षा त्या हातोडीतून जास्त नीट कळतो, असं माझं मत आहे.

मोंत्रय पॅरिसच्या पूर्वेला, विसाव्या वॉर्डाची हद्द संपते तिथे लागतं. मेट्रोची नऊ नंबरची लाइन १९३७ पासून थेट गावच्या टाऊन हॉलपर्यंत जाते. आज लाखावर वस्ती, कामगारांचं आणि डाव्या विचारांचं गाव, मालीहून आलेल्या लोकांची मोठी वसाहत, स्वस्त जागेच्या शोधात आलेले चित्रकार आणि नाटकवाले. गावात गॉथिक चर्च आहे, सें-प्येर-सें-पोल नावाचं, त्याचा जुना भाग बाराव्या-तेराव्या शतकातला. प्रवासी पुस्तकं बहुतेक तिथेच थांबतात. पण गावाच्या वरच्या पठारावर, कारखाने, घरं आणि ट्रामच्या कामाच्या मधोमध समांतर भिंतींचा एक पट्टा उरलाय, आणि मोंत्रयचं खरं स्मारक ते आहे. फ्रेंचमध्ये त्याला ‘म्यूर आ पेश’ म्हणतात, म्हणजे पीचच्या भिंती.

पॅरिसच्या हवेत पीच ही मुळात अवघड गोष्ट. हे झाड पानं येण्याआधी, मार्चमध्येच फुलतं, आणि तिथलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, एप्रिलभर आणि कधी कधी मेच्या मध्यापर्यंत पडतं. शेतकऱ्यांमध्ये ११, १२ आणि १३ मे हे ‘बर्फाचे संत’ म्हणून ओळखले जातात. ते तीन दिवस उलटेपर्यंत कोणी निर्धास्त होत नाही. उघड्या शेतातली फुलं एका निरभ्र रात्रीत काळी पडतात. त्यातून वाचलीच तर ओल्या वसंतात पानांवर आकसा येतो, पानं लाल होऊन फोडांनी सुजतात, गळतात, आणि झाडाची सगळी ताकद दुसऱ्यांदा पालवी फोडण्यात जाते. मग फळाला साखर कुठून येणार? म्हणजे झाडाला तीन गोष्टी हव्यात: रात्रीची ऊब, डोक्यावरून पडणाऱ्या पावसापासून आडोसा, आणि फळ पिकताना भरपूर ऊन. मोंत्रयच्या माळ्यांनी या तिन्ही गोष्टी एकाच भिंतीतून मिळवल्या.

भिंतीचा कच्चा माल पायाखालीच होता. बेलव्हीलपासून मोंत्रय आणि रोमॅंव्हीलपर्यंतच्या पठाराखाली जिप्समचे जाड थर आहेत. हा दगड दीडशे अंशांच्या आत भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात परत पाणी घातलं की काही मिनिटांत ती पुन्हा दगड होते. जगभर ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ म्हणतात ते हेच. लंडन १६६६ मध्ये जळालं आणि पुढच्याच वर्षी चौदाव्या लुईनं पॅरिसमधल्या लाकडी घरांना आगीपासून वाचवण्यासाठी प्लास्टरचा गिलावा सक्तीचा केला. मागणी वाढली, खाणी खोल गेल्या. मोंत्रयमधली बोमों आणि गिलां ही आजची दोन मोठी उद्यानं जुन्या खाणींच्या जागेवरच आहेत. राजधानीच्या घरांना पुरून उरलेलं प्लास्टर माळ्यांच्या हाती स्वस्तात पडत होतं.

भिंत बांधण्याची रीत ठरलेली होती. आधी खोल पाया, मग जवळपासचे चुनखडीचे आणि गारेचे दगड, त्यांना धरायला माती आणि प्लास्टर यांचं मिश्रण, आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टरचा जाड गिलावा. उंची साधारण २.७० मीटर. पायाशी जाडी अर्ध्या मीटरच्या आसपास, वर जाता जाता ती निम्म्यावर यायची. ही उतरती जाडी दिखाऊपणासाठी नाही. खालचा जाड भाग दिवसभराचं ऊन साठवतो, आणि वरचा हलका असल्यामुळे उंच भिंत वाऱ्यात डगमगत नाही. चूल विझल्यावरही तिच्या मागची भिंत रात्री हाताला कोमट लागते, तसंच इथे घडायचं: दिवसाचं ऊन रात्री झाडाला परत मिळायचं. भिंतींनी वेढलेल्या पट्ट्यात बाहेरच्यापेक्षा ८ ते १२ अंश जास्त ऊब असायची, असं सांगतात. पॅरिसजवळ दक्षिण फ्रान्सचं फळ पिकायचं ते या अंशांच्या जोरावर.

दिशेचाही विचार होता. बहुतेक भिंती उत्तर-दक्षिण धावतात, म्हणजे त्यांची एक बाजू पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला. एकाच भिंतीवर दोन बागा. पूर्वेच्या बाजूला सकाळचं कोवळं ऊन, पश्चिमेला दुपारचं तापलेलं. पूर्वेच्या बाजूचा एक धोका जुन्या माळ्यांना ठाऊक होता. रात्री दहिवर पडलं आणि पहाटे ऊन थेट गोठलेल्या फुलावर आलं, तर बर्फ झपाट्यानं वितळतो आणि फुलाचा गाभा फाटतो. पश्चिमेचं फूल सावकाश वितळतं, म्हणून वाचण्याची शक्यता जास्त. दोन भिंतींमध्ये दहा-बारा मीटरची पट्टी सोडलेली असायची, आणि तिथे स्ट्रॉबेरी, रासबेरी, शतावरी अशी बुटकी पिकं. उंच काही लावायचं नाही, भिंतीवर सावली पडता कामा नये.

भिंतीच्या माथ्यावर कौलांची किंवा प्लास्टरचीच उतरती टोपी असायची, दोन्ही बाजूंना थोडी पुढे आलेली. आपल्याकडच्या घराची वळचण करते तेच काम ती करायची. पाऊस भिंतीत मुरायचा नाही, आणि झाडाच्या पानांवरही थेट पडायचा नाही. आकशाची बुरशी ओलीवर वाढते. पान कोरडं राहिलं की अर्धी लढाई तिथेच संपली. शिवाय टोपीखाली भिंतीत लाकडी दांडे बसवलेले असायचे. फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांवर गवताच्या ताट्या टाकायच्या, की फुलांच्या डोक्यावर छप्पर तयार. निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशाकडे निघून जाते आणि त्यानंच फुलं मरतात. ताटी त्या ऊबेला वरच्या वर अडवते. धोका संपला की ताट्या काढायच्या. जास्त दिवस राहिल्या तर पालवी उन्हाअभावी पिवळी आणि लांबट होते.

आता हातोडी.

इतर गावांत भिंतीवर लाकडी जाळी ठोकून तिला फांद्या बांधत. मोंत्रयच्या भिंतीला जाळीची गरज नव्हती, कारण प्लास्टरमध्ये खिळा कुठेही बसतो आणि धरून राहतो. दगडी भिंतीत तो शिरत नाही, विटेच्या भिंतीत फक्त सांध्यात शिरतो. प्लास्टरमध्ये फांदी जिथे हवी नेमक्या तिथे ठोकता येतो. म्हणून शिंप्यांकडची लोकरी कापडाची कतरणं आणायची, त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या करायच्या, पट्टी फांदीभोवती घेऊन दोन्ही टोकं जुळवायची आणि दोन्हींमधून एक आखूड खिळा भिंतीत मारायचा. फांदी चिंधीच्या झोळीत राहते. सुतळी बांधली तर उन्हाळ्यात फांदी जाड होऊ लागताच तिला काचते, सालीत रुतते आणि तिथून डिंक वाहू लागतो. लोकर थोडी ताणते, सैल होते, सालीला घासत नाही. खिळा फांदीच्या खालच्या की वरच्या बाजूला मारायचा हेही फांदीला कुठे वळवायचं त्यावर ठरायचं. हे काम वर्षातून दोनदा: उन्हाळ्यात हिरव्या काड्यांसाठी, आणि हिवाळ्यात पूर्ण झाड सोडवून छाटणी करून नव्यानं. खिळे उपटून, सरळ करून पुन्हा वापरायचे. खिळ्यांनी भिंतीची चाळण झाली की त्या भोकांत किडींची अंडी राहतात, म्हणून काही वर्षांनी तिला नवा गिलावा द्यायचा.

झाडाला आकार देण्याची मोंत्रयची स्वतःची पद्धत होती, आणि तिच्यामागे रसाच्या स्वभावाची नेमकी जाण होती. झाडाचा रस सरळ वर धावतो. मधला शेंडा ठेवला तर सगळी ताकद तो खातो, खालच्या फांद्या उपाशी राहतात, आणि काही वर्षांत भिंतीचा खालचा भाग उघडा पडतो. मोंत्रयच्या माळ्यानं मधला शेंडाच काढला. खोडातून दोन मुख्य फांद्या, साधारण ४५ अंशात डावी-उजवीकडे उघडलेल्या, व्ही अक्षरासारख्या. त्यांच्या खालच्या बाजूला दुय्यम फांद्या आधी तयार करायच्या, वरच्या बाजूला नंतर, कारण वरच्या फांद्या आपोआप जोर धरतात. एखादी फांदी मागे पडली तर तिला भिंतीवर जरा उभी करायची, जोरात असेल तिला आडवी वाकवायची. नुसत्या कोनांनी झाडाचा तोल राखता येतो. पूर्ण भिंत भरायला आठ-दहा वर्षं सहज जातात. कलमासाठी खुंट बहुधा बदामाचा घ्यायचे. तो खोल, कोरड्या, चुन्याच्या जमिनीत तग धरतो. ओलसर जागी आलुबुखारच्या (प्लमच्या) जातीचा खुंट बरा.

पण खरी परीक्षा वार्षिक छाटणीत असायची. पीचला फळ फक्त गेल्या वर्षी वाढलेल्या काडीवर येतं, आणि एका काडीवर एकदाच. सफरचंदासारखी जुनी टोकं पुन्हा पुन्हा फळत नाहीत. म्हणजे दरवर्षी आजच्या फळकाडीबरोबरच पुढच्या वर्षीची काडी तिच्या बुडाशी तयार करावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळे फुगू लागले की ओळखता येतात: गोल, लवदार तो फुलाचा, टोकदार तो पानाचा. तेव्हा फळकाडी तीन-चार फुलांच्या जोड्यांवर आखूड करायची आणि बुडाजवळचे दोन पानडोळे राखायचे. मे महिन्यात बाकीचे फुटवे बोटानं खुडायचे. बुडाच्या दोन फुटव्यांना वाढू द्यायचं, जूनमध्ये चिंधी-खिळ्यानं भिंतीला लावायचं. फळ उतरलं की फळलेली काडी बुडापर्यंत कापायची. पुढच्या हिवाळ्यात त्या दोघांतला वरचा फळासाठी, खालचा दोन डोळ्यांवर कापून परत पुढच्या वर्षासाठी. एक वर्ष चुकलं तर निभतं. दोन वर्षं चुकलं तर बूड उघडं पडतं, फळ टोकाकडे सरकत जातं, आणि पीचच्या जुन्या लाकडातून नवा फुटवा सहसा येत नाही. भिंतीवर ती जागा कायमची रिकामी. म्हणूनच मोंत्रयमध्ये बाग भाड्यानं घेणाऱ्याला आधी छाटणी येते का हे पाहिलं जाणं स्वाभाविक होतं. चुकीच्या हातानं मोडलेलं झाड दुरुस्त होत नाही.

जूनमध्ये विरळणी करायची. जोडीनं लागलेल्या फळांतलं एक काढायचं, भिंतीला टेकून घासणारं काढायचं, आणि झाडाच्या ताकदीइतकीच फळं ठेवायची. फळ पिकायच्या दोनेक आठवडे आधी त्याच्यावरची पानं हटवायची, पण एकदम नाही. आधी पान अर्धं कापायचं, मग काही दिवसांनी पूर्ण. सावलीत वाढलेल्या सालीवर अचानक कडक ऊन पडलं तर ती भाजते आणि डाग पडतो. हळूहळू उघडलेलं फळ मात्र लालभडक रंग घेतं. जातींचा क्रम असा लावलेला असायचा की माल जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालावा: हळव्या जाती आधी, मग ऑगस्टमध्ये ग्रॉस मिन्योन, गरव्या जातींमध्ये बॉनूव्रिए आणि तेतॉं द व्हेनुस. पहाटे तोडणी, अंगठ्यानं न दाबता तळहातात घेऊन किंचित फिरवून. मग बायका मऊ ब्रशनं प्रत्येक फळावरची लव झाडायच्या, त्यामुळे रंग खुलायचा. ती लव मानेवर, घशात, डोळ्यांत जाऊन भयंकर खाजते. तोंडाला, मानेला फडकी गुंडाळून हे काम चालायचं. रात्री गाड्या भरून पॅरिसच्या ले आल मंडईत. ज्या फळाच्या अंगावर बोटाचा ठसा उमटला त्याचा भाव तिथेच पडायचा.

या सगळ्याची सुरुवात कोणी केली याबद्दल एक आवडती दंतकथा आहे. शेजारच्या बान्योलेत जिरार्दो नावाचा राजाच्या पथकातला माजी शिपाई राहायचा. त्यानं चौदाव्या लुईच्या जेवणासाठी, नाव न सांगता, बारा देखणे पीच पाठवले, राजा खूश झाला, आणि पुढे दरवर्षी फळं पोचवायची रीत पडली. कथेत किती खरं हे बाजूला ठेवू. व्हर्सायच्या शाही भाजीबागेत त्याच काळात राजाचा माळी ला कॅंतिनी भिंतीवरची झाडं वाढवत होता, म्हणजे दरबाराला असल्या फळांची गोडी लागलेली होतीच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की मोंत्रयची पद्धत दरबारात जन्मली नाही. अक्षरओळख जेमतेम असलेल्या शेतकरी कुटुंबांनी ती पिढ्यानुपिढ्या घासूनपुसून तयार केली, सासूकडून सुनेकडे आणि बापाकडून मुलाकडे. अठराव्या शतकाच्या मध्याला रोजे शाबोल नावाच्या धर्मगुरूनं ती बघून लिहून काढली तेव्हा बाहेरच्या विद्वानांना तिची खबर लागली. एकोणिसाव्या शतकात आलेक्सी लपेर या मोंत्रयच्याच माळ्यानं छाटणीचे धडे देऊन ती दूरवर नेली. त्याच्या नावाचा रस्ता गावात आहे.

१८७० च्या दशकात हे सगळं शिखरावर होतं. मोंत्रय आणि आजूबाजूच्या भिंतींची एकत्रित लांबी सुमारे ६०० किलोमीटर, आणि वर्षाला १ कोटी ७० लाखांपर्यंत फळं, असे आकडे दिले जातात. लंडनच्या आणि सेंट पीटर्सबर्गच्या श्रीमंत मेजांवर इथला माल जायचा.

उतरण मात्र तेव्हाच सुरू झाली होती. रेल्वेनं रोन नदीच्या खोऱ्यातलं फळ एका रात्रीत पॅरिसला यायला लागलं. दक्षिणेत फिलॉक्सेराच्या किडीनं द्राक्षमळे बसले आणि तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी पीच लावले. उघड्या रानात, भिंतीशिवाय, खिळ्याशिवाय. १८७९-८० च्या भीषण हिवाळ्यात पॅरिसभोवतीची फळझाडं मोठ्या प्रमाणात मेली. मोंत्रयनं हार मानली नाही, पीक बदललं. भिंतींवर कालव्हील ब्लां जातीची सफरचंदं आणि उंची नाशपाती आल्या, मधल्या पट्ट्यांत फुलं आली. आणि या काळात गावानं एक विलक्षण कसब उभं केलं, ज्याच्यावर मी तासन् तास बोलू शकेन: फळावर उन्हानं चित्र काढणं.

सफरचंद लहान असतानाच त्याच्यावर कागदी पिशवी चढवायची. उन्हाळाभर ते अंधारात वाढतं, साल पांढुरकी आणि अतिशय नाजूक राहते. तोडणीच्या काही आठवडे आधी पिशवी काढायची, तीही ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी, नाहीतर साल भाजते. मग नक्षी कापलेला कागद सालीवर चिकटवायचा. चिकटवायला अंड्याचा पांढरा बलक किंवा गोगलगाईचा चिकट स्राव, कारण तो सालीला इजा करत नाही आणि पुसला की निघतो. ज्यांना चेहरा हवा ते फोटोची निगेटिव्ह फिल्म लावायचे. उघड्या भागावर ऊन पडून साल लाल होते, झाकलेला भाग पांढरा राहतो. शेवटी कागद सोलला की सफरचंदावर कुलचिन्ह, आद्याक्षरं, अगदी रशियाच्या झारची छबी. चुका कुठे होतात? कागदाची कड उचलली गेली तर रेघ धूसर होते. फळ भिंतीच्या सावलीत फिरलं तर एक बाजू फिकी राहते. पाऊस आला तर बलक विरघळतो आणि कागद सरकून दुहेरी चित्र उमटतं. फोटोच्या अंधारखोलीतले दोषही हेच असतात, आणि त्यात आश्चर्य नाही. इथे सालच फोटोचा कागद होती.

या गावात १८४४ मध्ये एमिल रेनो जन्मला, ज्यानं हातानं रंगवलेल्या चित्रपट्टीला पडद्यावर हलतं करून १८९२ पासून पॅरिसमध्ये लोकांना तिकीट लावून दाखवलं, ल्यूमिएर बंधूंच्या तीन वर्षं आधी. आणि याच गावात, वडिलांच्या मालकीच्या बागेत, जॉर्ज मेलिएस या सुरुवातीच्या चित्रपटकारानं १८९७ मध्ये चित्रीकरणासाठी काचेचं घर बांधलं: १७ मीटर लांब, ७ मीटर रुंद, भिंती आणि छप्पर काचेचं. विजेचे दिवे तेव्हा चित्रीकरणाला पुरे पडत नव्हते, ऊनच हवं होतं. पण थेट उन्हाच्या कडक सावल्या नकोत, म्हणून बहुतेक काच दुधी ठेवली आणि रंगमंचासमोरच्या मोजक्या तावदानांत साधी. घराची दिशा अशी की अकरा ते तीन या वेळात ऊन मंचावर समोरून यावं. वर पडदे आणि झडपा, ढग आला की उजेड सारखा करता यावा म्हणून. ऊन अडवायचं किती, सोडायचं किती आणि कुठल्या बाजूनं, हे मोंत्रयमधला प्रत्येक माळी रोज ठरवत होता. मेलिएसनं ते माळ्यांकडून घेतलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. पण फळझाडांच्या भिंतींमधल्या एका बागेत हे काचघर उभं राहिलं ही वस्तुस्थिती मला फार आवडते. १९२३ मध्ये कर्जबाजारी होऊन ती जागा सोडताना त्यानं आपल्या निगेटिव्ह जाळल्या. काचघर पुढच्या पंचवीस वर्षांत मोडून पडलं. गावातलं सहा पडद्यांचं सार्वजनिक चित्रपटगृह आज त्याच्या नावानं आहे. पाते या चित्रपट कंपनीचा १९०४ च्या सुमाराचा काचेचा स्टुडिओ मात्र अजून उभा आहे. क्रांतीनंतर रशियातून पळून आलेल्या कलावंतांनी १९२० च्या दशकात तिथे आल्बात्रोस नावानं चित्रपट बनवले.

फळांच्या पैशाच्या शेजारी कारखानेही वाढत होतेच. झ्यूमोच्या चिनी मातीच्या बाहुल्या जगभर गेल्या त्या मोंत्रयच्या कारखान्यातून. पुढे लाकूडकाम, पियानो, यंत्रांचे सुटे भाग. कारखान्याला भिंत नको, मोकळी जागा हवी. घरांना रस्ते हवेत. दोन महायुद्धांनी मजूर नेले, आणि खिळे ठोकणारे हात कारखान्यांत गेले. शेवटचा घाव मोटाररस्त्याचा. ए-१८६ नावाचा महामार्ग भिंतींच्या पट्ट्यातून काढला, आणि तो पुढे कुठेच न जाता अर्धवट थांबला. आता त्याच मार्गानं टी-वन ट्राम वाढवायचं काम आहे. ६०० किलोमीटरपैकी सुमारे १७ किलोमीटर भिंती उरल्यात, ३७ हेक्टरच्या आसपासच्या पट्ट्यात, आणि त्यातले जेमतेम साडेआठ हेक्टर २००३ मध्ये सरकारी संरक्षणाखाली आले.

भिंत कशी मरते हे तिथे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. आधी माथ्यावरची टोपी जाते: एक कौल निसटतं, नंतर दुसरं. जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळतो, म्हणून पाणी माथ्यातून आत शिरलं की दगडांमधली माती आणि प्लास्टर वाहून जातात. भिंतीला पोट येतं. हिवाळ्यात आतलं पाणी गोठून फुगतं, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, आणि एका वसंतात चार-पाच मीटरचा तुकडा एकदम झोपतो. आयव्हीची वेल हे सुरुवातीला पांघरूण वाटतं, पण तिची मुळं फटींत घुसून दगड सुटे करतात. पायथ्याशी कोणी राडारोडा टाकला की ओल वर चढते आणि भिंत बुडाकडून कुजते.

सर्वांत वाईट घाव मात्र चांगल्या हेतूनं घातलेले आहेत: सिमेंटचे. सिमेंट प्लास्टरपेक्षा कठीण आणि अभेद्य असतं, आतली ओल त्यातून बाहेर पडत नाही. त्यात जिप्सममधले सल्फेट सिमेंटशी रासायनिक क्रिया करून फुगणारे स्फटिक तयार करतात. ठिगळ काही वर्षांतच सुटतं आणि जाताना मूळ भिंतीचा लचका घेऊन जातं. दुरुस्ती प्लास्टरनंच करावी लागते. आयव्ही ओढून काढायची नाही. बुडाशी कापायची, वाळू द्यायची, मग हलक्या हातानं सोडवायची. पायथा मूळ पातळीपर्यंत मोकळा करायचा. पडलेलेच दगड परत वापरायचे. गिलाव्यासाठी जाडसर प्लास्टर जास्त, सोबत थोडा चुना आणि वाळू. पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही. भुकटी पाण्यावर छोटी बेटं धरू लागली की पुरे. दहा-पंधरा मिनिटांत ते आवळतं, त्यामुळे एका वेळी एक घमेलंच कालवायचं, आणि घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी कधीच मारायचं नाही. तो वरून सुकतो पण आतून भुसभुशीत राहतो. गोठणाऱ्या थंडीत काम बंद. आणि सुरुवात नेहमी माथ्यापासून, कारण टोपी नसलेल्या भिंतीला दिलेला सुंदर गिलावा म्हणजे पैसे पावसात घालणं.

स्थानिक संस्था आणि स्वयंसेवक ही कामं वर्षानुवर्षं करताहेत, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. अडचण आहे ती जमिनीची. पॅरिसच्या रस्त्यांवरचा केरकचरा इथे पिढ्यान् पिढ्या खत म्हणून पडला, नंतर जड धातू असलेल्या फवारण्या झाल्या, पुढे गॅरेजं आणि भंगारवाले आले. काही पट्ट्यांत मातीत जड धातू आहेत, म्हणून तिथे पालेभाज्या थेट जमिनीत न लावता आणलेल्या मातीच्या वाफ्यांत लावाव्या लागतात. फळझाडांना तो धोका कमी. म्हणजे या जमिनीला आज सर्वांत शोभणारं पीक पुन्हा भिंतीवरचं झाडच आहे. तरी दुरुस्तीचा पैसा आला की तो गवंड्यावर खर्च होतो, माळ्यावर नाही. नव्यानं उभ्या राहिलेल्या भिंती बऱ्याचदा कोऱ्याच असतात. माझं म्हणणं असं, की भिंतीच्या प्रत्येक मीटरमागे दहा वर्षांच्या छाटणीची मजुरी त्याच अंदाजपत्रकात धरावी. झाडाला आकार यायला तेवढाच काळ लागतो, आणि मधली दोन वर्षं हात थांबला तर काय होतं ते वर आलंच आहे.

ते हात तयार करणारी जागा गावात आहे. मोंत्रयच्या बागायतदारांच्या संस्थेची ‘जार्दां-एकोल’, म्हणजे शाळा-बाग, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. तिथे भिंतीवरची झाडं, छाटणीचे वर्ग, जुनी अवजारं, सफरचंदांवर चिकटवायच्या नक्ष्या, आणि खिळे-चिंध्यांच्या टोपल्याही आहेत. मार्चमध्ये गेलात तर फुलोरा आणि छाटणी दोन्ही दिसतात. मग तिथून पठारावर सेंत-आंत्वान रस्त्याच्या बाजूला चाला, कुठलीही जुनी भिंत निवडा आणि तीन गोष्टी बघा. माथ्यावर टोपी शाबूत आहे का. गिलाव्यात बारीक भोकांच्या ओळी आहेत का, आणि त्या पंख्यासारख्या पसरत जातात का, कारण तिथे एकेकाळी झाड होतं. आणि पायथ्याशी दुरुस्ती झाली असेल तर नखानं ओरखडून बघा: पांढरी भुकटी निघाली तर प्लास्टर, नख घसरलं तर सिमेंट.